गडी माणसं तीन

मी लिहिलेल्या कागदावर दिवाणजींनी पाणी शिंपडलं.

तांब्यात तुळशीचं पान बुडवून, तीन वेळा. कागद पायरीवर होता. शाई अजून वाळली नव्हती. अक्षरं आधी फुगली, मग एकमेकांत शिरली. दिवाणखान्याचे आठ दरवाजे, चार खिडक्या, दोन बिलोरी आरसे, सगळ्यांचा मिळून एक निळा ओघळ झाला आणि पायरीवरून खाली माझ्या पायापाशी आला.

दिवाणजींनी कागद दोन बोटांनी उचलला. डोळ्यांजवळ नेला.

"हे काय करून ठेवलंस?"

मी काहीच केलं नव्हतं. सकाळपासून मान मोडून लिहीत होते.

"पुन्हा लिही. आणि शाई जरा दाट घे."

मी पुन्हा लिहिलं. त्या वेळी मला अपमान वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. कागद फुकट गेला याचं वाईट वाटलं, एवढंच. शाई खरंच पातळ झाली होती का, याचा मी विचार करत बसले. अपमान कळायलाही आधी थोडं सरळ उभं राहावं लागतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला पायरीखाली बसायची सवय होती.

आता मी पंचेचाळिशीला आले. मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. किती चादरी, किती ताटं, कुठली फुटली, कुठली बदलली. गोष्ट क्रमाने मांडली नाही तर मला चैन पडत नाही. म्हणून हेही क्रमाने सांगते.

आधी जागा. श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधल्या किनाऱ्यावर एक दुमजली बंगला होता. मालकांच्या आजोबांनी रंगूनच्या व्यापारात पैसा मिळवला आणि तिथलंच सागवान आणून तो बांधला. खिडक्यांना रंगीत काचा, छताला कोरीव तक्तपोशी, पडवीला बिडाचे नक्षीदार कठडे. पुढे फुलांची बाग, मागे पोफळींची आणि माडांची वाडी, थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत. लांबून माणसं बघायला येत. या बंगल्यात कोण कोण पाहुणे उतरले होते याच्या गोष्टी बंगल्याचा कारभार बघणारे दिवाणजी सांगत. आमच्या गोष्टी कुणी सांगत नसे, पण आम्हीही तिथेच होतो. बाचा आजा तिथे वाडी लावायला आला होता. तेव्हापासून वाडीच्या खालच्या टोकाला आमचं खोपट. बा वाडी शिंपायचा. आय अंगण झाडायची, सारवायची, सुपारी सोलायची. सारवण अंगणापुरतं. ओट्याला तिचा हात चालत नसे.

मग पाणी. विहिरीवर रहाट होता. बा बैल हाकायचा, बैल रहाट फिरवायचे, गाडगी भरून वर यायची आणि डोणीत ओतली जायची. डोणीतून पाणी पाटात आणि पाटातून झाडांना. बाने बैलाला हात लावायचा. डोणीला नाही. डोणीला विटाळ व्हायचा, पाटाला व्हायचा नाही, कारण पाटाचं पाणी वाहतं. तो पाट सगळ्या पोफळींना वळसे घालत, शेवटच्या माडाचं आळं भरून, आमच्या दारात यायचा. तिथे आमचा हंडा. पालापाचोळा, शेणाचे कण, कधी बेडकाची पिल्लं. आय फडक्याने गाळायची. विहिरीतलं पाणी वर काढायचा माझा बाप आणि प्यायचा सगळ्यांच्या शेवटी. माणसांच्या शेवटी नव्हे, झाडांच्या शेवटी.

स्वातंत्र्य येऊन तोवर दहा वर्षं होत आली होती. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं, शिवाशीव कायद्याने बंद झाली. मास्तर खोटं बोलत नव्हते. कायदा आमच्या वाडीच्या फाटकापर्यंत आला नव्हता, एवढंच.

मी सातवीची फायनल पास झाले होते. आमच्या लोकांत त्या पंचक्रोशीत पहिली मुलगी. अक्षर बरं होतं. आणि त्याच चैत्रात रावसाहेबांनी, म्हणजे मुंबईत वकिली करणाऱ्या मालकांनी, बंगला विकायचं ठरवलं. कूळकायद्याची धास्ती सगळ्याच जमीनदारांना होती. गिऱ्हाईक मिळालं मुंबईचं, एक कापडवाले शेठ. ते म्हणाले, बंगला पाहायला येतो, पण आधी यादी तयार ठेवा. आत काय, बाहेर काय, सगळं.

यादी करायची दिवाणजींनी. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. त्यांनी आधी गावातल्या दोघा मुलांना विचारलं. एकजण मुंबईला गेला होता, दुसऱ्याचं अक्षर त्यालाच वाचता येत नव्हतं. मग त्यांनी बाला निरोप दिला, मुलीला पाठव.

अडचण एकच होती. यादी घरातल्या वस्तूंची आणि मला घरात मज्जाव. रावसाहेबांच्या आई, बाईसाहेब, बंगल्यात राहायच्या आणि त्यांचं सोवळं कडक. त्यावर दिवाणजींनी तोड काढली. ते आत खोल्याखोल्यांतून फिरणार, हाताने चाचपून मोजणार आणि खिडकीत येऊन मोठ्याने सांगणार. मी बाहेर, खालच्या पायरीवर बसून लिहिणार.

"हात तुझा, अक्कल माझी," ते म्हणाले. "मध्ये बोलायचं नाही."

पहिल्या दिवशी शाई वाहून गेल्यावर त्यांनी पाणी शिंपडणं सोडलं. त्यात माझा मान नव्हता, कागदाचा खर्च होता. त्याऐवजी असं ठरलं की कागद माझ्याकडेच राहायचा. रोज संध्याकाळी मी पायरीखाली उभी राहून लिहिलेलं वाचून दाखवायचं, ते ऐकून मान हलवणार. म्हणजे मी काय लिहिते ते त्या बंगल्यात एकाही माणसाने डोळ्यांनी पाहिलं नाही. माझ्या हातचा कागद कुणी हातात घ्यायचा नव्हता, म्हणून.

चार दिवस मी असं लिहिलं. एक कबूल करते. मला ते काम आवडलं. ज्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं ते घर खिडकीतून एकेक शब्द करून बाहेर येत होतं आणि माझ्या कागदावर नीट रांगेत बसत होतं. शिसवी पलंग दोन, मच्छरदाणीच्या दांड्यांसह. पितळी कड्यांचा झोपाळा एक. झुंबरं तीन, पैकी एकाचे चार लोलक गहाळ. चिनी मातीच्या रंगीत फरशा, माजघर सोडून सर्वत्र. मी दर कलमाला आकडा घातला. दिवाणजींनी सांगितलं नव्हतं, तरी खोलीवार पानं वेगळी केली.

घरी गेले की आय विचारायची, "आज काय काय घेतलंस गो बंगल्यातलं?"

"दोन पलंग, एक झोपाळा."

"झोपाळा कुठं बांदायचा? हिकडं आडं मोडंल आपलं."

"मग परत करू?"

"ऱ्हाऊ दे. उद्या तांब्याचा बंब मिलतो का बघ."

आणि ती खूप हसायची. बा हसत नसे. तो खोपटाच्या दारात बसून पायाचा चिखल खरवडायचा आणि विचारायचा, "आपलं आलं का?"

"आपलं काय?"

"यादीत."

मला तेव्हा त्याचा प्रश्न कळला नाही.

तिसऱ्या दिवशी दिवाणजी म्हणाले, "माडी. समुद्राकडच्या खिडक्या सहा."

मी थांबले. "सात आहेत."

दिवाणजी खिडकीतून वाकले. "आत कोण आहे, मी की तू?"

"तुम्ही. पण बाहेरून सात दिसतात. लहानपणापासून मोजल्यात."

ते काठी टेकत परत वर गेले. बराच वेळ आले नाहीत. एका मोठ्या कपाटामागे सातवी खिडकी निघाली. बंद, काचा शाबूत. ते खिडकीत आले आणि म्हणाले, "सात लिही." पुढचं वाक्य हळू म्हणाले, पण मी ऐकलं. "बाहेरच्यांचं लक्ष मेलं आत."

चौथ्या दिवशी वाडी. इथे तर मीच सांगत होते आणि ते हूं म्हणत होते. पोफळी किती, त्यातल्या फळावर आलेल्या किती. श्रीवर्धनी रोठा सुपारी कुठल्या ओळीत. माड, जायफळाची दोन झाडं, विहीर बारमाही, दगडी बांधकामाची. रहाट एक, गेल्या वर्षी गाडग्यांची नवी माळ घातलेला. बैल दोन.

"नावं घाल बैलांची," दिवाणजी म्हणाले. "सर्जा आणि पाखऱ्या. म्हणजे उद्या कुणी बदलायला नको."

मी घातली.

"आता शेवटचं कलम. लिही. वाडीच्या टोकाला महाराचं खोपट एक. गडी माणसं तीन. बाप, आई, मुलगी. पिढीजात. तक्रार नाही."

टाक शाईत बुडवलेला होता. एक थेंब कागदावर पडला.

"लिहिलंस?"

"आमची नावं?" मी विचारलं.

"नावं कशाला?"

"बैलांची घातली."

"बैल बाजारात बदलतो. तुम्ही कशाला बदलताय? तुम्ही आहात तेच." ते चिडून बोलले नाहीत. उलट समजूत घातल्यासारखं बोलले. "अगो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. लिही."

"शाई संपली," मी म्हणाले.

दौत अर्धी भरलेली होती. त्यांना ती दिसत नव्हती. मी दौतीला बूच लावलं, कागद गुंडाळले आणि पाटाच्या कडेकडेने घरी आले. उन्हाची वेळ होती. बा बैल सोडून सावलीत बसला होता.

मी त्याला सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे आलं आपलं. लिवलंस ना?"

"न्हाय."

"का?"

"पलंगाखाली आनि बैलाखाली आपन? 'गडी मानसं तीन'? तुझं नाव सुद्दा न्हाय त्यात."

"माज्या नावानं काय रहाट फिरतो?" तो उठून माझ्यासमोर आला. "बाय, आयक. नवा शेठ ईल. त्याला काय ठाव आपन कोन? म्हनंल, हे कोन मधी बसलंय, काडा. यादीत असलो तर काडनार न्हाय. इकत घेतलेली वस्तू कोन टाकतं व्हय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच वाईट होतं. खोपट मालकाच्या जमिनीवर. बापाच्या तीन पिढ्यांकडे कागदाचा चिटोरा नाही. आणि आता पहिल्यांदा एक कागद होता, त्यावर आमची सोय होत होती, आणि लिहिणारा हात त्याच्या मुलीचा होता. त्याला ते भाग्य वाटलं.

आदल्या वर्षी आमच्या लोकांनी देव सोडले होते. वस्तीत सभा झाली, सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली, मेलेलं ढोर ओढायचं नाही, भाकर मागायला जायचं नाही. बानेही हात वर केला होता. देव्हारा त्याने स्वतः समुद्रात सोडला होता. मला ते आठवलं आणि मी बोलून गेले.

"देव टाकलास. मालक ठेवलास."

त्याने टाचेने खालची माती दाबली. मग म्हणाला, "देव्हारा माजा हुता. उचलून टाकला. खोपटाखालची भुई कुनाची हाय?"

आय तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "तिला लिवायचं तर लिवंल. न्हाय तर न्हाय. तिचा हात हाय."

मी शेवटचं कलम लिहिलं नाही. पण दिवाणजींना तसं सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "झालं ना पुरं?" मी म्हणाले, "यादी पुरी आहे." माझ्या हिशेबाने ती पुरीच होती. घरातल्या वस्तू, वाडीतली झाडं, दोन बैल. सगळं आलं होतं.

त्याच्या दोन दिवसांनी रावसाहेब आणि शेठ आले. आगरदांड्याहून लाँचने दिघीला उतरले, तिथून मोटारीने. पडवीत वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शेठनी बंगला पाहिला, बाग पाहिली, रंगीत काचांतून समुद्र पाहिला. खूश होते. माणूस वाईट नव्हता. मला पाहून म्हणाले, "अरे वा, छोकरीने लिहिला? चांगला, चांगला."

मी पायरीखाली उभी राहून यादी वाचली. ऊन डोक्यावर होतं. खोलीमागून खोली. शेठ मध्येच थांबवत, "झुंबर चालू छे ने?" असं काहीतरी विचारत, दिवाणजी उत्तर देत. बा अंगणाच्या कडेला पोफळीला टेकून उभा होता, डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलेलं. माझा आवाज सुरुवातीला थरथरत होता. माडीच्या सात खिडक्यांपर्यंत आले तेव्हा थरथर थांबली.

"रहाट एक. बैल दोन, सर्जा आणि पाखऱ्या. यादी समाप्त."

दिवाणजी दचकले. "समाप्त? शेवटचं कलम वाच."

"शेवटचं कलम बैलांचं."

"मी सांगितलेलं. कागदावर आहे ते वाच."

"कागदावर एवढंच आहे."

शेठनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. चष्मा लावला. "पण पेपरमधे तर छापलेला होता, रावसाहेब. हे बघा. 'समुद्रकिनारी जुना ऐतिहासिक बंगला, बर्मी सागवानी काम, सुपारी-नारळाची बाग, बारमाही विहीर, विश्वासू गडी कुटुंबासह विकणे आहे.' ते गडी कुटुंब कुठे?"

म्हणजे आम्ही आधीच छापून झालो होतो. मुंबईत लोकांनी चहा पिता पिता आम्हाला वाचलं होतं. विहिरीनंतर आणि 'विकणे आहे'च्या आधी.

रावसाहेब हसले. गोरे, देखणे, शांत गृहस्थ. "दिवाणजी, हे तुमच्या सोवळ्याचे परिणाम. मुलगी इतकं छान वाचते आणि तुम्ही तिला उन्हात खाली उभं करता. कागद बघायचासुद्धा नाही? कुठल्या काळात राहता तुम्ही?"

ते खुर्चीतून उठले, तीन पायऱ्या उतरले आणि त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांनी हात झटकला नाही, पुसला नाही. उभ्या जन्मात त्या बंगल्याच्या माणसाने मला पहिल्यांदा हात लावला होता.

"अक्षर सुरेख आहे तुझं," ते म्हणाले.

मला भरून आलं. लपवत नाही. एक क्षण वाटलं, हा माणूस वेगळा आहे. याला कळेल.

त्यांनी कागद कठड्यावर ठेवला, खिशातलं फाउंटन पेन काढलं, आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं. माझ्यासारखाच आकडा घातला. माझ्यासारखाच समास सोडला. मग कागद माझ्यापुढे धरला.

"घे. आता वाच शेठजींना."

गडी माणसं तीन. पिढीजात.

मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दिवाणजींना माझा विटाळ होत होता. रावसाहेबांना होत नव्हता. का नव्हता? खुर्चीचा कुणाला विटाळ होत नाही. पलंगाचा, झुंबराचा होत नाही. दिवाणजी पाणी शिंपडायचे तेव्हा निदान समोर माणूस आहे एवढं तरी कबूल करायचे. हा तेही करत नव्हता. हात लावत होता, अक्षराचं कौतुक करत होता, आणि मला माझ्याच हाताने मोजलेल्या सामानात ठेवून देत होता.

"वाचणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"आम्ही विकायला नाही."

शेठ घाबरल्यासारखे झाले. "अरे पोरी, विकत कोण घेते माणसाला? मला फक्त बागेला माणूस पाहिजे."

"माणूस पाहिजे तर माणसाला विचारा. तो तिथे उभा आहे. त्याला नाव आहे. काम करशील का, काय घेशील, कुठलं पाणी पिशील, हे त्याला विचारा. मला वाचायला लावू नका."

सगळ्यांची नजर बावर गेली. तो चार पावलं पुढे आला. मुंडासं छातीशी घट्ट धरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोर हाय सायेब. तिला कलत न्हाय. तुमी लिवलंय ते बराबर हाय."

शाई वाहून गेली तेव्हा मला लागलं नव्हतं. हे लागलं. पण माझा राग त्याच्यावर गेला नाही. ज्याने त्याला हे बोलायला शिकवलं तो समोर पेनाचं टोपण लावत होता.

मी त्यांच्या हातातून कागद घेतला, पायरीवरचा टाक उचलला. शाईत बुडवला. रावसाहेबांच्या ओळीवर एक काट मारली. सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्याखाली लिहिलं, 'वरील कलम खोटे आहे.' आणि 'यादी लिहिणार' म्हणून माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. चार दिवस इतकं लिहिलं, पण त्या कागदांवर स्वतःचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा घातलं. कागद पायरीवर ठेवला.

कुणी ओरडलं नाही. दिवाणजी "शिव शिव" म्हणाले. रावसाहेबांनी मला मारायला हात उचलला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "खोपटाची जागा बंगल्याची आहे. पंधरा दिवसांत मोकळी करा. दिवाणजी, हे पान दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. शेठजी, चला, चहा निवतोय."

त्या दिवसापासून बा माझ्याशी बोलेना. आयला सांगायचा, "तिला सांग भाकरी खायला." मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. वाडी मात्र तो शिंपतच राहिला. बाराव्या दिवशी दिवाणजी पाटाच्या टोकाला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाकाला उपरणं लावून लांब उभे राहिले.

"रावसाहेब मोठ्या मनाचे आहेत. मुलीने यावं, पायरीला कपाळ लावावं, चुकले म्हणावं. नवं पान तयार आहे. खोपट राहील."

बाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.  त्याला बोलायची गरज नव्हती. चाळीस पावसाळे शाकारलेलं घर त्याच्या पाठीमागे होतं.

मी तोंड उघडायच्या आत आय उठली. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, आत जाऊन मडकी एकावर एक रचायला लागली. आतूनच म्हणाली, "कपाल लावायचे देव आमी समुद्रात सोडले. पायरी कोन लागून गेली?"

दिवाणजींनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गेले.

आम्ही वस्तीवर मामाच्या पडवीत राहायला गेलो. चार माणसांच्या जागेत सात. बाला मीठ वाहायचं काम मिळालं, पायाला भेगा पडल्या. कुणी आमची पाठ थोपटली नाही. वस्तीतले म्हातारे म्हणाले, शिकलेल्या पोरीने बापाला देशोधडीला लावलं. मी ऐकून घेतलं. त्यांचं अर्धं खरं होतं.

आणि बाग वाळली नाही. कुणाला तसं वाटत असेल तर सांगते. बंगला शेठनी घेतला. आम्ही निघालो त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या खोपटात दुसरं कुटुंब आलं. आमच्याच वस्तीतलं. चंद्रीमावशी, आयची लहानपणची मैत्रीण, तिचा नवरा आणि दोन मुलं. मी वाडीच्या कुंपणाबाहेरून पाहिलं. मावशी पाटाच्या टोकाला फडकं धरून पाणी गाळत होती.

मी घरी येऊन आयवर ओरडले. "तुझी मैतरीन ना ती? लाज न्हाय तिला?"

"तिच्या घरात चार तोंडं हायत," आय म्हणाली. "घर मिलालं, गेली. तू तिला घर देतेस का?"

 नकार मी एकटीने दिला होता. एकटीचा नकार त्यांना तीन दिवसांत भरून काढता आला. कागदावर फरक एवढाच पडला असेल की तीनच्या जागी चार.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. राहत्या जागेबद्दल कायद्यात काही आहे, मामलेदाराकडे अर्ज करता येतो, असं मास्तरांकडून ऐकलं होतं. वहीला चार रकाने आखले. घरातल्या माणसांची नावं. कुणाच्या जमिनीवर राहता. किती पिढ्या. पाणी कुठून घेता. आणि भर सकाळी, मुख्य फाटकातून, बागेतल्या फरसबंदीवरून चालत त्या खोपटाशी गेले. माळ्याने हटकलं. मी थांबले नाही.

चंद्रीमावशी मला पाहून कावरीबावरी झाली. "रागावलीस ना गो माज्यावर?"

"रागावलेय. नावं सांग."

"कसली?"

"तुमची. चौघांची. बापाच्या नावासकट."

"कशाला? शेठ काडून टाकंल."

"मला काढलं. तुला काढेल. तुझ्यानंतर जो येईल त्यालाही काढेल. काढतात, कारण मागे रांग उभी असते. आधी ती रांग मोडायची. सांग नाव."

ती मडकं उचलून आत गेली, परत आली. मी उठले नाही. शेवटी तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नाव सांगितलं.

त्या वर्षी मी वस्तीतल्या बावीस घरांत गेले. सात घरांनी दार लावून घेतलं. अर्ज दिला, तो फेटाळला गेला. दुसरा दिला. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून तिसरा दिला आणि पोच घेतली. बा माझ्याशी बोलायला लागून महिना झाला होता तेव्हा त्याने विचारलं, "कदी थांबशील?"

मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. दार लावून घेतलेली सात घरं आहेत. उद्या पुन्हा त्यांच्याकडे जायचं आहे. परवाही. आमच्यातलं एकही घर बिननावाचं, बिनबोभाट पुढच्या मालकाच्या हाती पडणार नाही, तिथवर मी जाणार. रस्त्यात तू उभा राहिलास तर तुलाही ओलांडून जाणार.